मिलवर्मच्या डब्यातील ओल आणि अंडी

प्रश्न : आमच्याकडे काही गावठी कोंबड्या आणि काचेच्या टाकीत ऑस्कर जातीचे मासे आहेत. त्यांच्या खाद्यासाठी उन्हाळ्यात मिलवर्म, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळ्या, विकत आणून घरीच वाढवून पाहिले. अळ्यांचे भुंगेरे झाले. पण दर आठवड्याला कोंडा बदलून डबा स्वच्छ ठेवला, तरी नव्या अळ्या दिसल्या नाहीत. पाऊस सुरू होताच कोंड्याला बुरशी आली आणि उरलेल्या अळ्या काळ्या पडून मेल्या. आमचे काय चुकले असेल?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नव्या अळ्या न दिसण्याचे कारण बहुधा दर आठवड्याच्या या स्वच्छतेतच आहे. मिलवर्मची मादी कोंड्यातच अंडी घालते आणि ती चिकट, पांढुरकी व जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची असल्याने कोंड्याचे कण चिकटून दिसेनाशी होतात. त्यामुळे बदललेल्या कोंड्याबरोबर तीही गेली असणार. शिवाय भुंगेरे स्वतःचीच अंडी आणि कोष खातात. म्हणून भुंगेऱ्यांना कोंड्यात दोन-तीन आठवडे राहू द्यावे, मग चाळणीने वेगळे काढून दुसऱ्या डब्यात नव्या कोंड्यावर सोडावे आणि जुन्या कोंड्याला निदान महिनाभर हात लावू नये. २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात अंडी साधारण एक-दोन आठवड्यांत फुटतात, पण दोऱ्यासारख्या बारीक अळ्या डोळ्यांना दिसेपर्यंत आणखी काही आठवडे जातात. आधी कोंडाच हलताना दिसतो, अळी नंतर दिसते.

कोकणातल्या पावसाळ्यात खरी लढाई ओलीशी असते. अळ्यांना वाटीत पाणी देऊ नये आणि कोंडा कधीही ओलसर करू नये. पाण्याची गरज गाजराच्या किंवा बटाट्याच्या चकतीने भागते. ही चकती कोंड्यात न पुरता पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवावी आणि सुकली नसली तरी दुसऱ्या दिवशी काढून टाकावी. गिरणीतून आणलेला कोंडा कढईत मंद आचेवर कोरडा परतून, पूर्ण गार झाल्यावर वापरला, तर त्यातील ओल जाते आणि किडेही मरतात. डब्याला घट्ट झाकण न लावता बारीक जाळी बांधावी. मुंग्यांचा उपद्रव असेल, तर डबा ज्या स्टुलावर ठेवाल त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत. मेलेली अळी काळी पडते, तेव्हा अशा अळ्या रोज वेचाव्यात. मात्र पांढरीशुभ्र मऊ अळी दिसली, तर ती आजारी समजून फेकू नये, कारण तिने नुकतीच कात टाकलेली असते.

प्रश्न : रोज किती अळ्या द्याव्यात?

उत्तर : मिलवर्ममध्ये प्रथिनांबरोबर चरबी बरीच असते आणि फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असते, त्यामुळे ते पूर्ण आहार होऊ शकत नाहीत. माशांना नेहमीच्या खाद्याबरोबर आठवड्यातून एक-दोनदा मोजक्याच अळ्या द्याव्यात. कोंबड्यांना मूठभर वरखाद्य म्हणून चालतील, परंतु अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळा द्यायलाच हवा. देण्याच्या आदल्या दिवशी अळ्यांना गाजर आणि पालेभाजी खाऊ घातली, तर त्यांच्या पोटातले ते पोषण प्राण्याला मिळते.

वाढलेल्या अळ्या जास्त झाल्यास कोंड्यासह फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या, की त्यांची वाढ मंदावते. विष्ठा मिसळलेला कोंडा झाडांना चांगले खत ठरतो, पण साठवलेल्या धान्यालाही हाच कीटक लागतो, म्हणून हा कोंडा दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवूनच बागेत घालावा.