व्हर्टस जीटी की व्हर्ना टर्बो? आधी घाटात चालवून या

रावेरच्या एका केळी उत्पादक भाऊंचा प्रश्न: वय ३६, १२ एकर केळी. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि ह्युंदाई व्हर्ना टर्बो या दोनांत मन अडकलंय. ऑन-रोड २० लाख. ८ लाखांची एफडी मोडायची, उरलेल्या १२ लाखांचं ७ वर्षांचं कर्ज काढायचं. "चालवायला मजा आली पाहिजे, एवढंच बघतो. कोणती घेऊ?"

भाऊ, मजेसाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही. पण या गाड्या तुम्ही चालवून पाहिल्याचं पत्रात कुठेच नाही. कागदावर दोघींत फारसा फरक नाही: दोन्हींत दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, व्हर्टसला १५० पीएस (इंजिनच्या ताकदीचं माप), व्हर्नाला १६०. फरक हाताला कळतो. मी दोन्ही चालवल्यात. वेग वाढला की व्हर्टसचं स्टिअरिंग जड होत जातं, वळणात गाडी रस्ता धरून बसते. खड्डा मात्र पाठीला जाणवतो. व्हर्ना सरळ रस्त्यावर सुसाट आणि मऊ, पण वळणात मला तेवढा भरवसा वाटला नाही. मागच्या सीटवरून तुमच्या आई कदाचित उलट सांगतील.

शोरूमवाले जळगावच्या आकाशवाणी चौकातून एक फेरी मारून आणतात, त्यात एसी कळतो, गाडी नाही. सेल्फ-ड्राइव्हवर दोन्ही एकेक दिवस घ्या आणि घरच्यांना घेऊन चाळीसगावहून कन्नड घाट चढा-उतरा. चढावर पाय दाबल्या दाबल्या गाडी उचलते की क्षणभर दम घेते, ते बघा. भाड्याचे आठ-दहा हजार जाऊ देत.

तिसरी, ह्युंदाईचीच छोटी आय-ट्वेंटी एन लाइनही चालवा. इंजिन एक लिटरचं, १२० पीएस. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, तुमच्या दोन्हींवर ४०. घाटात तिनेही मन भरलं, तर कर्ज बरंच खाली येईल.

आता हप्ता. व्याज ९ टक्के धरलं तर १२ लाखांवर ७ वर्षांत सव्वाचार लाख व्याज जातं, हप्ता १९,३००. ५ वर्षांत फेडलं तर व्याज तीन लाखांच्या आत, पण हप्ता २४,९००. तो दर महिन्याला जाणार, केळीचा पैसा मात्र कापणीला, भाव लागेल तसा. मे-जूनचं वादळ एका रात्रीत घडांसकट बाग आडवी करतं, हे तुम्हाला मी काय सांगू! म्हणून सगळी एफडी मोडायला माझा ठाम विरोध आहे. रोपं, ठिबक, खत यांसाठी ४ लाख तसेच राहू द्या.

घाट उतरूनही व्हर्टसच हवी वाटली, तर दोन-तीन वर्षं वापरलेली, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असलेली शोधा. किमतीची पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. ४ लाख रोख द्या, बाकी ५ वर्षांत फिटेल एवढंच कर्ज घ्या. बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि गर्दीत हळू चालवताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटके देतो का, ते त्याला तपासू द्या.