तारापोतोला जाशील, पण परतल्यावर काय?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. काळजी याची, की दारू सोडवायला तू पेरूमधल्या तारापोतोला आयावास्का नावाचा काढा प्यायला निघाला आहेस. राग एका वाक्याचा आला. ‘मनाच्या गोळ्या मी गेल्या आठवड्यापासून बंद केल्या आहेत, कारण तिकडचे लोक म्हणाले की त्या चालत नाहीत,’ असं तू जाता जाता लिहून टाकलंस. डॉक्टरांना विचारलंस का, याबद्दल अवाक्षर नाही.

तेव्हा आधी त्याबद्दल. आयावास्का हा दोन वनस्पतींचा काढा. कापी नावाची वेल आणि चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं, दोन्ही एकत्र तासन् तास उकळतात. पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं. नुसतं पोटात गेलं तर शरीरातलं एक विकर (एन्झाइम) त्याचा तिथल्या तिथे निकाल लावतं. वेलीतलं हार्मिन त्या विकराला अडवतं, म्हणून काढा चढतो. तेच विकर सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचाही निचरा करतं. तुझ्या नैराश्याच्या गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. दोन्ही एकत्र आले तर ताप, थरथर, झटके, क्वचित मृत्यूही. काही गोळ्यांचा अंश अंगातून जायला कित्येक आठवडे लागतात, आठवडाभर बंद ठेवून भागत नाही. आणि परस्पर बंद केल्यावर नैराश्य उसळून वर आलं तर तुला आवरायला कोण आहे तिथे? उद्याच डॉक्टरांना फोन कर. दारूचंही तेच. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते विथड्रॉवल डॉक्टरांच्या नजरेखाली पार पाडायचं असतं, विमानात नाही. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर हा विषय इथेच संपला. तुझ्या मामांबद्दल तू मला एकदा सांगितलं होतंस, आठवतं ना?

आता मुद्द्यावर येतो. तू मला ‘या औषधावर तुमचा विश्वास आहे का’ असं विचारलंस. हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. परतल्यावर काय, हे विचार.

मी तारापोतोला काही दिवस राहिलो आहे, म्हणून हे लिहितो आहे. पेरूच्या सान मार्तिन प्रांतातलं हे गाव, अँडीज उतरून जंगल सुरू होतं तिथलं. ऐंशीच्या दशकात वायागा नदीच्या खोऱ्यात कोकाची शेती फोफावली आणि तिथल्या पोरांना ‘पास्ता बासिका’ ओढायची लत लागली. कोकेन बनवताना मधेच निघणारा हा स्वस्त, घाणेरडा लगदा सिगारेटमध्ये भरून ओढतात. त्यांच्यासाठी झाक माबी या फ्रेंच डॉक्टराने आणि रोसा जोवे या पेरूच्या डॉक्टरीणबाईंनी 1992 मध्ये ताकिवासी हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं. जंगलातल्या वैदूंकडून माबी आधी स्वतः शिकले. केंद्र आजही आहे.

तू मला ज्या जागेची जाहिरात पाठवलीस, तिथे सात दिवसांत चार काढे. ताकिवासीचा उपचार साधारण नऊ महिन्यांचा. नऊ महिने! आणि त्यात आयावास्काचा वाटा तू समजतोस त्यापेक्षा बराच कमी. सुरुवात ओकारीने होते. यावार पांगासारख्या वनस्पतीचा रस देतात, वर लिटरच्या लिटर पाणी प्यायला लावतात, आणि माणूस बादलीत तोंड घालून बसतो. शेजारी वैदू मापाचोचा, म्हणजे तिथल्या कडक तंबाखूचा, धूर फुंकत गाणं म्हणत असतो. त्या गाण्यांना इकारो म्हणतात. मी पाहिलं तेव्हा एक दणकट तरुण दोन्ही हातांनी बादलीच्या कडा घट्ट धरून बसला होता आणि दोन उलट्यांच्या मधे वैदूला यथेच्छ शिव्या घालत होता. वैदूने गाणं थांबवलं नाही. शिव्या संपल्यावर पाण्याचा तांब्या पुढे केला, एवढंच.

मग मानसोपचार, गटातल्या बैठका, स्वयंपाक, झाडलोट, बागकाम. मधूनमधून ‘दिएता’. जंगलात एकट्याची झोपडी, आठेक दिवस, जेवायला मीठ-साखरेशिवायचा भात नाहीतर उकडलेली कच्ची केळी, आणि रोज एका वनस्पतीचा अर्क. बाहेर आल्यावरही कितीतरी दिवस डुकराचं मांस, मिरची, गोडधोड आणि शरीरसंबंध वर्ज्य. आयावास्काच्या रात्री या सगळ्याच्या मधे बसवलेल्या. त्या रात्री काय दिसलं ते दुसऱ्या दिवशी थेरपिस्टसमोर बसून उलगडायचं, आणि नंतर रोजच्या वागण्यात उतरवायचं. नांगरट एका रात्रीत होते रे, पेरणी-खुरपणीला हंगाम लागतो. तुला नांगरट करून घरी यायचंय.

अभ्यास मागितले होतेस. दोन सांगतो. 2019 मध्ये ताकिवासीतल्या 36 पुरुषांचा अभ्यास छापून आला. उपचाराअंती तलफ, नैराश्य, चिंता, सगळंच कमी झालेलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि मोजणी केंद्रात असतानाची. दुसरा कॅनडातला, 2013 चा. ब्रिटिश कोलंबियातल्या एका आदिवासी समाजातले 12 जण, थोड्या दिवसांचं आयावास्काचं शिबिर, आणि नंतर सहा महिने पाठपुरावा. कोकेन घटलं, अफूच्या जातीच्या द्रव्यांत आणि गांजात तसा फरक दिसला नाही. आशा आहे, पुरावा कोवळा आहे. पण एक गोष्ट बघ. ते 12 जण आपल्याच माणसांत होते, आणि सहा महिने कुणीतरी त्यांची विचारपूस करत होतं. तुझी विचारपूस कोण करणार? ज्यांच्याकडे तू जाणार, त्यांना तुझं आडनाव तरी लक्षात राहील का?

परतल्यावर काय, परतल्यावर काय, असं मी घोकत राहतो म्हणून आमच्या इथल्या व्यसनमुक्ती केंद्रातले तरुण समुपदेशक मला हसायचे. खुशाल हसोत. घरचं एक माणूस कुटुंबसभेला आल्याशिवाय डिस्चार्ज नाही, हा नियम मी लावला होता. त्यावरून कमिटीने मला बोलावून घेतलं, ‘तुम्ही रुग्णांना अडवून ठेवता’ म्हणाले. एका मुलाचे वडील तर भांडून त्याला घेऊन गेले. खोलीत एसी बसवून देतो, म्हणाले. तो मुलगा आज नाही. मी तेव्हा आणखी भांडायला हवं होतं असं काहींचं म्हणणं आहे. मी भांडलो होतो. गेटपर्यंत गेलो होतो. सही त्यांची होती, मुलगा सज्ञान होता, त्याला जायचंच होतं. याहून जास्त काय करता आलं असतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. नियम बरोबरच होता. मला हळहळ आहे ती एवढीच की त्याच्या आईला मी वेगळं गाठलं नाही. तिला सगळं कळत होतं, पण घरात तिला कुणी विचारत नव्हतं.

असो. हे तुला ऐकवायचं नव्हतं, पण लेखणी गेली.

तू लिहितोस, ‘इथल्या केंद्रांत तेच ते, मीटिंगा, योगासनं, खिचडी. मला मुळापर्यंत जायचंय.’ बाळा, ताकिवासीतही तेच ते आहे, फक्त खिचडीऐवजी बिनमिठाचा भात. पेरूने 2008 मध्ये आयावास्काचं पारंपरिक ज्ञान राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलं, आणि तो आहेच. पण शिपिबो या तिथल्या आदिवासी जमातीच्या वैदूकडे गावातला माणूस जातो तो चालत जातो आणि चालत घरी येतो. त्याची बायको, त्याचा भाऊ, सगळे वैदूला ओळखतात. पुढच्या महिन्यात हाच वैदू बाजारात भेटतो आणि ‘पुन्हा पितोस का’ म्हणून चारचौघांत झापतो. तू काढा आणशील, पण तो बाजार कुठून आणशील? काढा तरी कुठला आणतोस म्हणा. डीएमटी आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या यादीत आहे. पुरचुंडी बांधून आणायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाक.

मी ‘जाऊ नकोस’ म्हणत नाही, हे नीट वाच. जायचंच असेल तर वर्षभर कोरडा राहून जा, डॉक्टरांच्या संमतीने जा, जिथे महिनोन् महिने ठेवून घेतात अशा ठिकाणी जा. थोडीफार स्पॅनिश शीक. मला येत नव्हती, आणि दुभाष्याच्या तोंडून स्वतःचं दुःख सांगायला किती ओशाळं वाटतं ते मी तिथे पाहिलंय. आणि निघण्यापूर्वी एका कागदावर लिही: परतल्यावर विमानतळावर कोण येणार, पहिले तीन महिने कुठे राहणार, गटाची मीटिंग कुठल्या वारी, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर काय करणार. त्या शेवटच्या ओळीसमोर ‘बघू’ लिहिलंस तर तिकीट काढू नकोस.

आईच्या बांगड्यांबद्दल तू जे सुचवलंस ते मी वाचलंच नाही असं समजतो.

आगाऊ रक्कम भरू नकोस. भरली असशील तर परत मागायला मी मदत करतो, मला त्यातलं कळतं. गुरुवारी संध्याकाळी घरी ये. गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ये. आईलाही आण, वडील नाही म्हणाले तरी. काकू साबुदाणा भिजवणार आहेत, तेव्हा येणार की नाही ते बुधवारपर्यंत कळव.

तुझा,
काका