आजोबांची जपानी चित्रे

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत तीन जपानी चित्रे निघाली. एक ताजमहालाचे, खाली पेन्सिलीने इंग्रजीत सही. उरलेली दोन पावसाळी देखाव्यांची, पुठ्ठ्याला चिकटवलेली. त्यांवर हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकाराचे नाव आहे म्हणतात. किती येतील?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी एक विनंती, पुठ्ठा सोडवू नका. पाणी किंवा वाफ लागली की लाल-जांभळे रंग फुटतात आणि कागदाचा पापुद्रा पुठ्ठ्यालाच राहतो. चिकटवल्याने किंमत घटते, फाडल्याने त्याहून जास्त.

दहापट भिंगातून बघा. रंग ठिपक्यांच्या जाळीचा दिसला तर ती यंत्रावरची ऑफसेट छपाई, विषय संपला. सलग दिसला तर कोरलेल्या लाकडी ठोकळ्याची छपाई असू शकते. सुट्या चित्राची मागची बाजू तिरक्या उजेडात धरा : झिरपलेला रंग आणि ठोकळ्यावर कागद दाबणाऱ्या घासणीचे गोलाकार वळसे ही हातछपाईची खूण. पण तेवढ्यावर हुरळू नका. हिरोशिगे (१७९७–१८५८) यांच्या चित्रांचे ठोकळे पुन्हा कोरून पुढेही भरपूर प्रती निघाल्या, त्याही हातानेच छापलेल्या. आपल्या दोन चित्रांची हीच शक्यता जास्त. अशा चित्रांचा नेहमीचा ‘ओबान’ आकार साधारण ३८ × २५ सेंमी. कडा छाटल्या असतील तर भाव पडतो.

ताजमहालाचे चित्र नीट सांभाळा. जपानी चित्रकार हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) १९३०-३१ मध्ये भारतात फिरले आणि त्यांनी ताजमहालही छापला. डाव्या समासात दोन अक्षरांचा ‘जिझुरी’ शिक्का शोधा. छपाई त्यांच्या देखरेखीखाली झाली असा त्याचा अर्थ. नंतरच्या प्रतींवर तो सहसा नसतो आणि सहीही शिक्क्याची असते. खरी पेन्सिल तिरक्या उजेडात चकाकते, शिक्क्याची सही सपाट दिसते.

शिक्का, सही, चारही कोपरे आणि मागची बाजू यांचे फ्लॅशविना, पट्टी ठेवून फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. भाव बघताना विकल्या गेलेल्या प्रतींचे लिलावातले आकडे बघा, मागितलेले नव्हे. वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती परदेशी पाठवता येते का, ते आधी विचारून घ्या.

तोवर सेलोटेप, लॅमिनेशन नको. आम्लमुक्त कागदात सपाट ठेवा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तापणाऱ्या भिंतीपासून दूर.