बाटली भरलेलीच परत येते

"चौथीपर्यंत एक तक्रार नव्हती हो तिची. पाचवीत गेली आणि काय झालं कुणास ठाऊक."

मी मुलांची समुपदेशक आहे, आणि हे वाक्य मला दर वर्षी जुलैपासून ऐकू यायला लागतं. गणपती उठले की त्याचा जोर वाढतो, कारण तोवर पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी सही करायला आलेले असतात. मूल तेच असतं, घर तेच असतं, मग चार महिन्यांत हुशारी जाते कुठे, असा आईवडिलांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. सईच्या निमित्ताने त्याचं उत्तर सांगते. (नाव बदललं आहे, आणि ओळख पटेल असं बाकीचंही.)

सईची आई पुण्यात लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात काम करते, वडील टेम्पो चालवतात. आईचा पहिला फोन जुलैत आला होता, दुकानातूनच, गिऱ्हाईक नसताना. "मॅडम, शाळेची वेळ झाली की पोट दुखतं म्हणते. नाटक करते का?" मी म्हटलं, नवी शाळा आहे, दिवाळीपर्यंत रुळेल, ओरडू नका. तेव्हा ते उत्तर मला समंजस वाटलं होतं. ते चुकीचं होतं, आणि त्यापायी सईचे दोन महिने फुकट गेले.

सप्टेंबरात दोघं तिला घेऊन सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीवर आले. वडिलांनी बसायच्या आधीच पेपर टेबलावर ठेवले. गणित २० पैकी ७, हिंदी २० पैकी ८. चौथीच्या प्रगतिपत्रकात सगळीकडे अ-१ आणि अ-२, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणी. "क्लास लावू का? आमच्या चौकातच आहे एक." आईचं म्हणणं वेगळं होतं. प्राथमिकच्या बाई फार प्रेमळ होत्या, त्यांनी लाडावून ठेवलं, आता जड जातंय. मग तक्रारींची माळ सुरू झाली. वह्या अपुऱ्या, शाळेच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे डायरीत, रोज शेरा, दप्तर भरताना रडारड, डबा अर्धा खाल्लेला. "आणि बाटली तर रोज भरलेलीच परत येते. मी आपली ओतून टाकते मोरीत."

बाकीच्या तक्रारी मी लिहून घेत होते. या वाक्याला पेन थांबलं.

सईला एकटीला बसवून विचारलं तर ती काही बोलेना. या वयाच्या मुलांना "शाळेत काय त्रास होतो?" असं विचारून हाती काही लागत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं. मग तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुझी नवी शाळा मला दाखव, मी आत कधी गेलेली नाही. तिने मन लावून नकाशा काढला. दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, जिना, ऑफिस, मैदान, मैदानाच्या पलीकडे एक छोटा चौकोन आणि त्यावर फुली.

"हे काय गं?"

"बाथरूम. तिथे आठवी-नववीच्या ताया असतात आरशापुढे. हसतात."

मधल्या सुट्टीत तिथे रांग असते. तास चालू असताना जायचं तर विचारायचं कुणाला? एक सर गेले आणि दुसऱ्या मॅडम यायच्या आहेत, त्या दोन मिनिटांत जावं, तर मॉनिटर फळ्यावर नाव लिहिते. सईने यावर स्वतःच तोडगा काढला होता आणि तो मला जरा अभिमानानेच सांगितला. "म्हणून मी पाणीच पीत नाही." शाळा दुपारची, सव्वाबारा ते पावणेसहा. जळजळ होते का, विचारल्यावर तिने मान हलवली. त्याच संध्याकाळी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, औषधं सुरू झाली. पोटदुखी मनातून आलेली आहे असं धरून चालण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं असतं, ही समुपदेशनाची पहिली पायरी. जुलैतल्या त्या फोनवर मीच ती ओलांडली होती.

पुढच्या वेळी दप्तर घेऊनच या म्हटलं. वजनकाट्यावर दप्तर सहा किलो भरलं, सई अठ्ठावीस. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नको, हा राज्य सरकारचा २०१५ सालचा निर्णय आहे, म्हणजे तिच्या पाठीवर पावणेतीन किलोच्या आसपास हवं होतं. मला वाटलं, शाळाच सगळं आणायला लावते. तसं नव्हतं. सई रोज सगळ्या विषयांची सगळी पुस्तकं आणि वह्या नेत होती, कारण वेळापत्रक म्हणजे काय हे तिला नीट समजलेलंच नव्हतं. प्राथमिकला बाई म्हणायच्या "आता गणित काढा" आणि गणित सुरू व्हायचं. इथे सोमवारी तिसरा तास हिंदीचा आणि मंगळवारी तोच तास चित्रकलेचा. वही राहिली तर उभं करतात. मग सगळंच न्यावं, धोका नको.

वह्या टेबलावर मांडायला सांगितल्या. नऊ वह्या, नऊंनाही खाकी कव्हर, नऊंवर सारखंच लेबल. मी म्हटलं, हिंदीची काढ. तिने परिसर अभ्यासाची काढली, ठेवली, मराठीची काढली, लेबल वाचलं, ठेवली. मी घड्याळ पाहत होते. तास पस्तीस मिनिटांचा. वही सापडेपर्यंत फळा निम्मा भरलेला, आणि घंटा झाली की पुढचे सर आल्या आल्या तो पुसणार. तेव्हा सई हाताला लागेल त्या वहीत लिहून घ्यायची. तिच्या कच्च्या वहीत एका पानावर हिंदी शब्दार्थ होते, खाली भागाकार, त्याखाली "जिल्हा परिषद" असं अर्धं वाक्य. "वही अपूर्ण" हा शेरा खरा होता. फक्त तो आळसाचा शेरा नव्हता.

त्यावर उपाय सोपा होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा. वहीच्या कण्यावर रंगीत कागदाची पट्टी, दप्तरात उभी ठेवली तरी दिसेल अशी. गणित लाल, हिंदी हिरवी. वेळापत्रक त्याच रंगांत लिहून आजीच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं, कारण दुपारी तिला शाळेत सोडायला आजी असते, आई नसते. दप्तर सईने भरायचं, आजीने फक्त रंग जुळतात का ते बघायचं. आजी चष्म्याशिवायही रंग ओळखते.

गणिताची गंमत वेगळी होती. चाचणीत पाच भागाकार होते. सईने दोन सोडवले, दोन्ही बरोबर, पुढचे तीन कोरे. मी तिला ८५४ भागिले ७ करायला दिलं. तिने आधी समासात साताचा पाढा पूर्ण लिहिला, मग एकेक वजाबाकी मांडत उत्तर आणलं, १२२. सुंदर, नेटकं आणि चार मिनिटांचं. चौथीच्या बाईंनी वर्गातलं सगळ्यात कच्चं मूलही चुकू नये म्हणून ती पद्धत शिकवली होती. पाचवीच्या सरांना वाटलं, हिला पाढे येत नाहीत. दोघांच्या शाळा एकाच संस्थेच्या, इमारतींमध्ये फक्त रस्ता. दोघं एकमेकांशी कधी बोललेले नव्हते.

आता जरा सईला बाजूला ठेवून सांगते, कारण इथेच पालकांचा गोंधळ होतो.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी रेघ आखली आहे. खालच्या टप्प्याला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, वरच्या टप्प्याला २२० दिवस आणि १००० तास. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मधला टप्पा सहावीपासूनच धरला आहे. पण पुण्यातल्या कितीतरी जुन्या मराठी शाळांची प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पाचवीपासून प्रशाला, म्हणजे माध्यमिक शाळा, सुरू होते. त्यामुळे या मुलांना लागोपाठ दोन उंबरठे लागतात. पाचवीत इमारत, वेळ आणि माणसं बदलतात, शिवाय राज्याच्या अभ्यासक्रमाच्या मराठी शाळेत हिंदी नव्याने सुरू होतं. जरा बस्तान बसतंय तोवर सहावीत "परिसर अभ्यास" जातो आणि विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र वेगळे होतात.

गुणांचंही तसंच. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकचा (वर्षभरातल्या वर्गकामाचा) भार ६० टक्के आणि संकलितचा (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचा) ४०. पाचवी-सहावीला तो ५०-५० होतो, सातवी-आठवीला ४०-६०. म्हणजे उपक्रम, तोंडी काम, वर्गातला सहभाग यांवर मिळणारे गुण कमी आणि लेखी परीक्षेचे जास्त. मूल जिथल्या तिथे असलं तरी श्रेणी एक पायरी खाली येऊ शकते. अ-१ चं अ-२ झालं म्हणून डोकं चाललं नाही असा अर्थ लावू नका. २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे, त्यामुळे "आता नापास करतात" ही धास्ती सईच्या वडिलांनाही होती. नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी असते, त्यातही जमलं नाही तरच ते त्या वर्गात राहतं. सप्टेंबरात त्या भीतीने क्लास लावायचं कारण नव्हतं. क्लास लावला असता तर सईला सातवे सर आणि दहावी वही मिळाली असती.

राज्याचा अभ्यासक्रम जिथे आखतात ती परिषद माझ्या खोलीजवळच, कुमठेकर रस्त्यावर. पाठ्यपुस्तकं करणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. चौथीच्या अपूर्णांकांवर पाचवीचे अपूर्णांक कसे उभे राहावेत हे तिथे विचारपूर्वक ठरतं. करोनानंतर २०२१ मध्ये मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रमही झाला. पण एका शाळेतून दुसऱ्या शाळेत मुलाबरोबर काय जातं? दाखला. त्यावर प्रगतीपुढे "चांगली" आणि वर्तणुकीपुढे "चांगली". नोंदवहीत वर्षभर लिहिलेल्या वर्णनात्मक नोंदी प्राथमिकच्या कपाटात राहतात. (त्यातल्या किती मनापासून आणि किती तयार पुस्तिकेतून उतरवलेल्या, ते शिक्षकांना माहीत आहे आणि मलाही.) सईला चार वर्षं एकच बाई होत्या. ती गप्प बसली की काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळायचं. आता सहा शिक्षक तिचा सहावा-सहावा भाग पाहत होते. अख्खी सई कुणाच्याच वाट्याला नव्हती.

आईवडिलांच्या परवानगीने मी प्रशालेच्या मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, वर्गशिक्षिका आणि गणिताच्या सरांना बोलावलं. सर सरळ म्हणाले, "मॅडम, वर्गात साठ मुलं. एकेकीसाठी थांबलो तर पोर्शन कधी संपवू?" मला त्यांचा राग आला नाही. साठ मुलांना पस्तीस मिनिटं म्हणजे दर मुलामागे पस्तीस सेकंद होतात. मी फक्त सईचे ते दोन भागाकार त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी समासातला पाढा बराच वेळ पाहिला. "ही पद्धत आहे होय? मला वाटलं चिठ्ठी करून आलीय."

स्वच्छतागृहाचा प्रश्न पंधरा मिनिटांत सुटला, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली. पाचवीच्या मुलींसाठी तळमजल्यावरचं, शिक्षिकांच्या खोलीशेजारचं स्वच्छतागृह उघडं ठेवायचं ठरलं. तास बदलताना हात वर करून जायचं, मॉनिटरने नाव लिहायचं नाही. सुरुवातीचे काही दिवस वर्गशिक्षिका स्वतःच पाणी प्यायची आठवण करायच्या.

जोडतास मात्र जमले नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिले पंधरा दिवस वर्गशिक्षिकेला सलग दोन तास द्या, म्हणजे वेळापत्रक वाचणं, वही काढणं, फळ्यावरून उतरवून घेणं हेच शिकवता येईल, असं मी सुचवलं होतं. शिक्षकांचे तास बसेनात. त्याऐवजी पहिली घटक चाचणी दोन आठवडे पुढे गेली. दुसरी गोष्ट झाली ती मला जास्त मोलाची वाटते. एप्रिलमध्ये चौथीच्या बाई आणि पाचवीचे शिक्षक रस्ता ओलांडून एका खोलीत बसले. गुणांची यादी आणायची नाही, प्रत्येक मुलाची गणिताची आणि मराठीची वही आणायची, एवढीच अट. दुपारभराचं काम, पण आठ-दहा मुलांबद्दल बाईंनी असं काही सांगितलं जे कुठल्याच दाखल्यावर मावलं नसतं. कोण डावखुरं, कोण मोठ्याने ओरडलं की लिहायचंच थांबतं, कुणाची आई नाही.

सईची आई दिवाळीनंतर एकदा दुकानातून फोन करून म्हणाली, बाटली आता रिकामी येते, आणि झाकण हरवून आली म्हणून ओरडले आज. हिंदी अजून मागे आहे, त्याला वेळ लागेल. दप्तर साडेतीन किलोवर आलंय, पावणेतीनवर नाही. भागाकार ती अजून बाईंच्याच पद्धतीने करते, समासात पाढा लिहून. सर म्हणतात, उत्तर बरोबर येतंय ना, मग करू दे.