इंग्लंडच्या केअर होममध्ये नोकरीसाठी केअर सर्टिफिकेट कोल्हापुरातच करून जाता येतं का?

नाही. राजारामपुरीतला क्लासवाला काहीही सांगू दे, पैसे भरू नका. हे सर्टिफिकेट म्हणजे तिथं नव्यानं काळजीच्या कामाला लागणाऱ्यांचं पायाभूत प्रशिक्षण. 2015 पासूनच्या या सर्टिफिकेटची मानकं आता 16 आहेत. वाचायचा भाग ऑनलाइन होतो, पण हाताचं काम तिथं कामावरच कुणीतरी बघून सही करतं. आजोबांना हॉइस्टनं, म्हणजे माणूस उचलायच्या यंत्रानं, उचलताना त्याची स्लिंग (झोळीसारखा पट्टा) नीट बसली का, आधी त्यांना विचारलं का, हे इथं बसून कोण बघणार? साधारण 12 आठवड्यांत मालकच ते करून घेतो. घरी म्हाताऱ्यांची सेवा केलेल्यांना उचलणं-फिरवणं जमतं. अडतं ते रोजच्या नोंदी इंग्रजीत लिहिताना. त्याचा सराव मात्र आत्ताच करा.

आणि हो, परदेशातून केअर वर्कर म्हणून नवा व्हिसा 22 जुलै 2025 पासून बंद आहे. एजंटला आधी हेच विचारा.