अक्कलदाढ काढल्यानंतर बधिर झालेली हनुवटी

प्रश्न : माझे वय ५६ असून मला मधुमेह आहे व मेटफॉर्मिन सुरू आहे. तीन आठवड्यांपूर्वी उजवीकडची खालची अक्कलदाढ काढली. तेव्हापासून खालचा अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर आहे. चहाचा कप ओठाला टेकलेलाही कळत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, सकाळी स्कूटरवर गार वारा बसला, हा अर्धांगवायूच. तेल चोळून शेक घ्या. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी शेक थांबवावा. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि मधुमेहात भाजलेली जखम भरायला वेळ लागतो.

हा अर्धांगवायू वाटत नाही. खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातून, अक्कलदाढेच्या मुळांच्या अगदी जवळून जाते. दाढ काढताना ती दबली किंवा ताणली गेली, तर नेमका एवढाच भाग बधिर होतो आणि बधिरपणा हनुवटीच्या मध्यरेषेवर थांबतो. आरशासमोर कापसाचा बोळा फिरवून आपण हे स्वतः पाहू शकाल. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते, आणि मधूनमधून मुंग्या येऊ लागणे हे बहुधा सुधारणेचेच लक्षण असते. तरीही ज्यांनी दाढ काढली त्या दंतवैद्यांना याच आठवड्यात दाखवून बधिर भागाची नोंद करून घ्यावी. तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर मुख व जबड्याच्या शल्यचिकित्सकांचा सल्ला घ्यावा, कारण नस तुटली असल्यास ती जोडण्याचा लाभ उशिराने कमी होत जातो.

मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून त्याची रक्ततपासणी जरूर करावी. मात्र त्या कमतरतेचा बधिरपणा सहसा पायांपासून सुरू होतो, अर्ध्या ओठापासून नव्हे.

काकूंची काळजी मात्र अनाठायी नाही. चेहऱ्याची हालचाल दुसऱ्याच नसेकडे असते. तोंड वाकडे झाले, डोळा मिटेना, तर स्टेरॉइडचे उपचार ७२ तासांच्या आत सुरू झालेले बरे. आणि बधिरपणासोबत अचानक हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर दहा मिनिटांत बरे वाटले तरी घरी न थांबता १०८ वर फोन करावा. अर्धांगवायूत मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

तोवर चहा कोमट करून डाव्या बाजूने प्यावा आणि जेवताना ओठ चावला जात नाही ना, हे रोज आरशात पाहावे.