खंजिरी शिकतोय. बोटांच्या रोजच्या सरावानं मेंदूत खरंच काही बदलतं का?

हो, बदलतं, आणि ते मोजून पाहिलेलं आहे. १९९५ मध्ये मेंदूतज्ज्ञ आल्व्हारो पास्कुअल-लिओने आणि सहकाऱ्यांनी पियानो न येणाऱ्यांकडून पाच बोटांचा एकच धडा रोज दोन तास, पाच दिवस गिरवून घेतला. डोक्याबाहेरून चुंबकीय ठोके देऊन तपासलं, तर त्या बोटांना हुकूम देणारा मेंदूचा भाग पसरलेला निघाला. नुसता मनात सराव करणाऱ्यांतही तसाच बदल दिसला, हात मात्र तेवढा बसला नव्हता. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

आमच्या अमरावतीकडच्या गावांत प्रार्थनेनंतर खंजिरी शिकणारी पोरं बघा. आधी नजर बोटांवर खिळलेली, ठेका धरला की तोंडातलं भजनच थांबतं. पुढं बोटं आपोआप पडतात आणि आवाज मोकळा सुटतो. नवं शिकताना लक्ष ठेवणारा मेंदूचा पुढचा भाग राबत असतो, हात बसला की त्याचं काम हलकं होतं.

म्हणून एकाच दिवशी चार तास बडवू नका, रोज थोडं, हळू आणि बिनचूक वाजवा. सोयाबीनच्या सोंगणीत वेळच मिळाला नाही, तर रात्री पडल्या पडल्या ठेका मनात वाजवा, कोणतं बोट कुठं पडतं ते नीट आठवत.